बोट थांबली, चूल विझली

अंदमान म्हणजे काळे पाणी, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण दुसऱ्या महायुद्धात तिथली साधीसुधी कुटुंबे साडेतीन वर्षे जपानी अमलाखाली राहिली. त्या काळात त्यांच्या घरात काय शिजत होते, ते कुणाला घाबरत होते आणि किती जण परतलेच नाहीत, याची ही हकीकत.

अंदमानचे नाव निघाले, की मराठी घरात सेल्युलर जेल, कोलू आणि सावरकर बंधू यांचीच आठवण होते. सहलीला जाणारी मंडळीही जेल पाहतात, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकिनाऱ्याची वाट धरतात. सावरकरांना १९२१ साली तिथून हलवले गेले. १९३७ च्या उपोषणानंतर उरलेले राजबंदीही १९३८ च्या सुरुवातीपर्यंत मुख्य भूमीवर आणले गेले. आपल्या मनातले अंदमान तिथेच संपते.

पण राजबंदी परतले म्हणून बेटे ओस पडली नव्हती. शिक्षा भोगून तिथेच जमीन कसणारे, दुकान चालवणारे, सरकारी कारकुनी करणारे हजारो लोक पोर्ट ब्लेअरच्या आसपास राहत होते. बाप पंजाबचा तर आई मद्रासकडची, शेजारी मलबारचे मोपला, पलीकडच्या वस्तीत उत्तरेकडचे भांतू, तर दूर जंगलाच्या कडेला ब्रह्मदेशातून आणलेले कॅरेन, अशी ही वस्ती होती. कैद्यांच्या पोटी तिथेच जन्मलेल्या पिढीला 'लोकल बॉर्न' म्हणत. सर्वांची बोली हिंदुस्थानी. जातीपातीचे जे नियम मुख्य भूमीवर मोडता मोडत नव्हते, ते इथे पहिल्याच पिढीत गळून पडले होते, कारण लग्नाला जात बघत बसले असते तर बहुतेकांची लग्नेच झाली नसती. अंदमान आणि निकोबार मिळून १९४१ च्या जनगणनेत ३३,७६८ माणसे मोजली गेली.

या माणसांचा संसार बोटीवर चाले. बेटांवर भातशेती होती, नारळ होते, मासळी होती, पण पुरेसे धान्य कधीच पिकत नसे. तांदूळ, डाळ, रॉकेल, कापड, काडेपेटी, औषधे सारे कलकत्त्याहून किंवा रंगूनहून येई. 'महाराजा' हे बोटीचे नाव मराठी वाचकांना सावरकरांमुळे माहीत आहे. त्यांना काळ्या पाण्यावर नेणारी तीच ही बोट. बेटावरच्या गृहिणीला मात्र 'महाराजा' म्हणजे महिन्याचा किराणा.

जून १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला. जेलच्या इमारतीला आणि रॉस बेटावरच्या साहेबांच्या बंगल्यांना तडे गेले. त्यातून सावरतात न सावरतात तोच डिसेंबरात जपान युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून पडले. रंगून पडल्यावर पोर्ट ब्लेअरचे रक्षण करण्यात अर्थ नाही असे सरकारने ठरवले आणि तिथली गुरखा पलटण काढून घेतली. साहेबांच्या मडमा, मुले आणि काही नोकरदारांची कुटुंबे बोटीने निघून गेली. ज्यांचे घर, शेत, गुरे आणि आईबापांच्या कबरीही तिथेच होत्या, ते कुठे जाणार? २३ मार्च १९४२ ला जपानी सैनिक उतरले तेव्हा त्यांच्यावर कुणी एक गोळीही झाडली नाही.

कोंबड्यांवरून सुरुवात

पहिल्या दिवशी काही लोकांना बरेही वाटले. गोरा साहेब गेला, आशियातला माणूस आला, जेलचे दरवाजे उघडून कैदी सोडले गेले. 'आशिया आशियावासीयांचा' ही घोषणा त्या काळी अनेकांना खरी वाटत होती, आणि गुलामीत वाढलेल्या माणसाला ती खरी वाटली याचे नवल नाही.

हा भ्रम काही दिवसांतच फुटला, आणि तो फुटायला निमित्त झाल्या कोंबड्या. पोर्ट ब्लेअरच्या अ‍ॅबर्डीन वस्तीत जपानी शिपाई घराघरांत शिरून कोंबड्या पकडू लागले. झुल्फिकार अली नावाच्या तरुण पोराला ते सहन झाले नाही. त्याने छर्ऱ्याची बंदूक काढून झाडली. कुणालाही इजा झाली नाही. शिपाई पळाले आणि मोठ्या संख्येने परत आले. घरे धुंडाळली, काही पेटवली, बायकांवर हात टाकला. 'पोरगा हजर करा', असा हुकूम सुटला. वस्तीने अखेर त्याला हजर केले. त्याचे हात पिरगळून मोडले आणि सर्वांदेखत त्याला गोळ्या घातल्या. ज्या ठिकाणी त्याला मारले, तिथे आज सिमेंटचे छोटे स्मारक आहे.

त्या वस्तीतल्या आयाबायांनी या प्रसंगातून काय ताडले असेल ते सांगायला नको. घरातला तरणा मुलगा चिडका असेल तर त्याला आवरणे, मोठ्या मुलीला दारात उभे राहू न देणे आणि कोंबडी मागितली तर मुकाट्याने देणे. त्यानंतरची साडेतीन वर्षे बेटावरच्या घरांचा कारभार याच तीन नियमांवर चालला, असे म्हटले तरी चालेल.

रस्त्यात शिपाई दिसला की वाकून नमस्कार करायचा. चुकले तर थोबाडीत. शाळेत मुलांना जपानी भाषा शिकवली जाऊ लागली. जपानने जिंकलेल्या साऱ्या आग्नेय आशियात घड्याळेही टोकियोच्या वेळेवर नेली गेली होती. हिंदुस्थानच्या आजच्या वेळेपेक्षा ती साडेतीन तास पुढे. अंगमेहनतीच्या कामांसाठी माणसे धरून नेत. लांबालाइनच्या विमानपट्टीसाठी, रस्त्यांसाठी आणि किनाऱ्यावरचे काँक्रीटचे बंकर उभारण्यासाठी हजारोंना राबवले गेले. आज पोर्ट ब्लेअरला विमानाने उतरणारा प्रवासी त्याच लांबालाइनला उतरतो. बंकर कॉर्बिन कोव्हच्या रस्त्याला आणि रॉस बेटावर अजून दिसतात. मुले त्यांत लपाछपी खेळतात, मोठी माणसे फोटो काढतात.

सैनिकांसाठी कोरिया आणि मलायातून बायका आणून ठेवल्या होत्या. त्या बिचाऱ्याही कुणाच्या तरी लेकी होत्या, पण त्यांची दाद घेणारे त्या बेटावर कुणी नव्हते.

जर्सी आणि गर्न्सी

अशी वेळ आलेली बेटे जगात आणखीही होती. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची जर्सी, गर्न्सी ही ब्रिटिश बेटे १९४० च्या जून अखेरीस आणि जुलैच्या पहिल्या दिवशी जर्मनांच्या हाती गेली आणि ९ मे १९४५ पर्यंत तशीच राहिली. तिथेही लढाई न करताच सैन्य काढून घेतले गेले होते. तिथेही घड्याळे बर्लिनच्या वेळेवर गेली. १९४२ मध्ये रेडिओ जप्त झाले. त्यानंतर लोक घरी बनवलेले छोटे क्रिस्टल सेट लपवून लंडनच्या बातम्या ऐकत. चहा संपला तेव्हा गृहिणी रानटी काटेरी झुडपांची पाने वाळवून उकळू लागल्या आणि कंदमुळे भाजून त्यांची 'कॉफी' करू लागल्या. सुमारे २,२०० बेटवासीयांना जर्मनीतल्या छावण्यांत नेऊन ठेवले गेले.

फ्रान्स दोस्तांनी परत घेतल्यावर ही बेटे अगदीच कोंडली गेली आणि १९४४ च्या हिवाळ्यात उपासमारीच्या काठावर आली. तेव्हा वाटाघाटी झाल्या आणि २७ डिसेंबर १९४४ ला रेडक्रॉसची 'वेगा' नावाची बोट अन्नाच्या पुड्या घेऊन गर्न्सीला लागली. पुढेही ती फेऱ्या करीत राहिली. 'वेगा'ची आठवण तिथले लोक आजही काढतात.

अंदमानला कुठलीच 'वेगा' गेली नाही. शत्रूच्या ताब्यातल्या गोऱ्या प्रजेसाठी रेडक्रॉसची बोट निघू शकली. काळ्या पाण्यावरच्या कैद्यांच्या मुलाबाळांसाठी ती निघावी असे कुणाच्या मनातही आले नाही. १९४४ नंतर बंगालच्या उपसागरात ब्रिटिश पाणबुड्या आणि विमाने इतकी वाढली, की जपानी बोटीही पोर्ट ब्लेअरला पोचेनात. ज्यांनी बेट कोंडले ते आपल्याला सोडवणार म्हणून त्यांची वाट पाहायची, आणि तोवर त्यांच्याच नाकेबंदीने उपाशी राहायचे, अशी ही गत होती.

रताळी आणि साबुदाण्याचे कंद

तांदळाचा शिधा घटत गेला. जपानी फौज हजारोंची, तिचे पोट आधी. जंगल तोडून रताळी आणि टॅपिओका लावायचा हुकूम निघाला. आपल्याकडे रताळी एकादशीला आणि महाशिवरात्रीला. एक दिवस उकडून, तुपात परतून, गूळ घालून खायला किती गोड लागतात! तीच रताळी तूप नाही, गूळ नाही, मीठही मोजके, अशी सकाळ-संध्याकाळ महिनोन्महिने खावी लागली तर काय होईल याची कल्पना करावी. रताळ्याचा पालाही शिजवून खाल्ला जाई.

टॅपिओका म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. योगायोग असा, की त्याच सुमारास, १९४३ च्या आसपास, मद्रास इलाख्यातल्या सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा सुरू झाला. जपान्यांनी मलाया घेतल्यामुळे तिकडचा साबुदाणा यायचा बंद झाला होता. आपल्या उपासाच्या खिचडीतला साबुदाणा देशी झाला तो या युद्धामुळे. अंदमानात मात्र त्या कंदाचा साबुदाणा करायला ना यंत्र होते ना उसंत. कंद सोलून, भिजवून, नीट उकडून खावा लागतो. घाई केली तर त्यातले विष बाधते. भुकेलेल्या घरात घाई न करणे किती कठीण असते, हे लेकुरवाळ्या बाईलाच कळेल.

मीठ समुद्राचे पाणी आटवून काढायचे. कापड संपल्यावर गोणपाट कापून अंगाला गुंडाळायचे. रॉकेल नाही, तर खोबरेल तेलाची पणती. काडेपेटी नाही, तर शेजारच्या चुलीतला निखारा मागून आणायचा. मलेरिया बेटांवर नेहमीचाच, पण क्विनाइनही मिळेनासे झाले. स्वतः लावलेल्या शेतातून चार रताळी उपटली तरी ती चोरी ठरे, आणि चोरीला बेदम मार. मार खाऊन माणसे दगावल्याच्याही घटना घडल्या.

बागेत रात्री बाहेर पडणारी आणि भाजीचा फडशा पाडणारी मोठी आफ्रिकी गोगलगायही त्याच काळात जपान्यांबरोबर अंदमानात आली असे मानले जाते. जपानी गेले, गोगलगाय राहिली. पावसाळ्यात तिथल्या भाजीवाल्यांची तिच्याशी लढाई अजून चालू आहे.

संशयाचे भूत

पण नुसत्या भुकेने बेट इतके खचले नसते. भुकेबरोबर संशय आला. पोर्ट ब्लेअरला येणाऱ्या जपानी बोटी बुडू लागल्या, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांनी ठरवले, की बेटावरचेच कुणी तरी शत्रूला खबर देत आहे. मग 'हेर' शोधायला सुरुवात झाली. इंग्रजी येणारा, पूर्वी सरकारी नोकरीत असलेला, घरी रेडिओचा एखादा जुना भाग सापडलेला, कुणीही पकडला जाई. भांडणाचा सूड घेण्यासाठी शेजारीच नाव सांगत. मारून मारून कबुली घेतली जाई, त्या कबुलीत आणखी दहा नावे येत, मग ते दहा जण आत. खुद्द जपान्यांनी नेमलेला पोलीसप्रमुख नारायण राव हाही यातून सुटला नाही. १९४३ साली त्याला आणि त्याच्या काही सहकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, खरे हेर बेटावर होते, पण ते या लोकांतले नव्हते. मेजर डेनिस मॅकार्थी हा पूर्वी अंदमानात पोलीस अधिकारी असलेला इंग्रज जानेवारी १९४३ मध्ये काही हिंदी सैनिकांसह डच पाणबुडीतून मधल्या अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला होता. जंगलातून वाट काढीत त्याने पोर्ट ब्लेअरपर्यंतची माहिती गोळा केली आणि तो सुखरूप परतला. जपान्यांच्या हाती तो लागला नाही. हाती लागले ते कारकून, मास्तर, डॉक्टर आणि दुकानदार.

त्यांतले सर्वांत मोठे नाव डॉ. दिवाण सिंग यांचे. लष्करी डॉक्टर म्हणून ते १९२७ साली अंदमानात आले आणि तिथलेच झाले. ते पंजाबीत मुक्तछंदात कविता लिहीत. त्यांना पुढे 'कालेपानी' हे नाव चिकटले. सर्व धर्मांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा चालवली. जपानी आल्यावर इंडियन इंडिपेंडन्स लीगची स्थानिक शाखा आणि लोक व लष्कर यांच्यात मध्यस्थी करणारी शांतता समिती, दोन्हींची धुरा त्यांच्यावर पडली. म्हणजे जपान्यांकडे लोकांची गाऱ्हाणी घेऊन जायचे काम. गुरुद्वाऱ्याची इमारत सैनिकांच्या चैनीसाठी मागितली गेली तेव्हा त्यांनी साफ नकार दिला, असे सांगितले जाते. २३ ऑक्टोबर १९४३ ला त्यांना पकडून सेल्युलर जेलमध्ये टाकले आणि त्यांचे हालहाल सुरू झाले.

ते कोठडीत असतानाच, २९ डिसेंबर १९४३ ला, नेताजी सुभाषचंद्र बोस पोर्ट ब्लेअरला आले. ३० डिसेंबरला जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला. आझाद हिंद सरकारच्या नावाने हिंदुस्थानच्या भूमीवर फडकलेला तो तिरंगा पाहून गर्दीतल्या अनेकांचे डोळे भरून आले असतील. पण त्याच गर्दीत अशीही माणसे होती, ज्यांचा बाप, नवरा किंवा भाऊ हाकेच्या अंतरावर जेलमध्ये तळमळत होता. नेताजींना जेल दाखवला गेला, मात्र त्या कोठड्या दाखवल्या नाहीत. सतत जपानी अधिकाऱ्यांचा वेढा असल्याने गाऱ्हाणे घेऊन कुणी जवळ जाऊ शकले नाही. नेताजींना किती ठाऊक होते, यावर भांडणारे दोन्ही बाजूंना आहेत. ज्या घरातला माणूस आत होता, त्या घराला या वादाचा काही उपयोग नव्हता.

झेंडावंदनानंतर पंधराव्या दिवशी, १४ जानेवारी १९४४ ला, डॉ. दिवाण सिंग मरण पावले. पकडल्यापासून ऐंशीहून अधिक दिवस त्यांचा छळ चालला होता. झेंडावंदनाला बरोबर महिना झाला त्या दिवशी, ३० जानेवारी १९४४ ला, हेरगिरीच्या आरोपाखाली ४४ जणांना हम्फ्रेगंजला नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतले बहुतेक इंडिपेंडन्स लीगचेच सभासद होते. ज्यांनी स्वातंत्र्यासाठी जपान्यांची साथ केली, तेच जपान्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

फेब्रुवारीत आझाद हिंद सरकारतर्फे कर्नल लोगनाथन हे पेशाने डॉक्टर असलेले सज्जन गृहस्थ बेटांचे प्रमुख म्हणून आले. कागदावर बेटे हिंदुस्थानची झाली होती, 'शहीद' आणि 'स्वराज' अशी नावेही मिळाली होती. पण जपान्यांनी त्यांच्या हाती दिले ते फक्त शिक्षण खाते. पोलीस आणि तुरुंग आपल्याकडेच ठेवले. लोगनाथन काही महिन्यांनी परत गेले.

खाणारी तोंडे कमी

निकोबारची कथाही याच वळणाची. तिथले पुढारी जॉन रिचर्डसन यांनी आपल्या निकोबारी भाषेत बायबलच्या नव्या कराराचे भाषांतर केले होते. कार निकोबारच्या विमानपट्टीवर गावेच्या गावे राबवली गेली आणि शेवटी तिथेही हेरगिरीचा आळ येऊन माणसे मारली गेली. रिचर्डसन यांनाही मरणाची शिक्षा होणार होती. युद्ध संपले म्हणून ते वाचले. पुढे ते बिशप झाले आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे प्रतिनिधी म्हणून बसले.

अंदमानात १९४५ च्या ऑगस्टमध्ये धान्य जवळपास संपले. तेव्हा अधिकाऱ्यांनी जो उपाय काढला तो लिहितानाही हात थरथरावा असा आहे. जे म्हातारे, आजारी, काम करू न शकणारे, त्यांना 'नव्या बेटावर शेती करायला नेतो' असे सांगून गोळा केले. बायकामुलेही त्यांत होती. लोकांनी भांडी, बिछाने, पेरायला बी बरोबर घेतले. रात्रीच्या अंधारात बोटी हॅवलॉक बेटाजवळ नेऊन किनाऱ्यापासून दूरच सर्वांना पाण्यात उतरायला भाग पाडले. ज्यांना पोहता येत नव्हते ते तिथेच बुडाले. जे पोचले त्यांना त्या निर्जन बेटावर खायला काही नव्हते. अशा रीतीने नेलेले लोक शेकड्यांनी मोजावे लागतील, जिवंत परतलेले हाताच्या बोटांवर. या वेळी जपानचा पराभव काही दिवसांवर, काही तासांवर आला होता.

आज हॅवलॉक हे हनिमूनला जाणाऱ्या जोडप्यांचे आवडते ठिकाण आहे. २०१८ साली त्याचे नाव 'स्वराज द्वीप' झाले.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शस्त्रे ठेवली, तरी ब्रिटिश फौज पोर्ट ब्लेअरला पोचायला ऑक्टोबर उजाडला. ज्या जिमखाना मैदानावर तिरंगा फडकला होता, तिथेच ऑक्टोबर १९४५ मध्ये जपानी व्हाइस अ‍ॅडमिरल हारा तेइझो यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. त्या गर्दीतली माणसे हाडांचे सापळे झाली होती. अंगावर कुणाच्या गोणपाट, कुणाच्या लक्तरे. बोटीतून तांदळाची पोती उतरली. पुढच्या वर्षी सिंगापूरला काही जपानी अधिकाऱ्यांवर खटले चालले.

कैद्यांची वसाहत त्याच साली कायमची बंद झाली. उरलेल्या शिक्षा माफ झाल्या, ज्यांना मुख्य भूमीवर जायचे होते त्यांना जाऊ दिले. काही गेले, पुष्कळजण राहिले. १९५१ च्या जनगणनेत बेटांची लोकसंख्या ३०,९७१ भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा २,७९७ ने कमी. नंतर पूर्व बंगालचे निर्वासित येऊ लागले आणि वस्ती झपाट्याने वाढली. पोर्ट ब्लेअरचे नावही २०२४ साली बदलून 'श्री विजयपुरम' करण्यात आले. पण जुन्या रहिवाशांची कुटुंबे अजून ओळखता येतात. युद्धापूर्वीपासून बेटावर असलेल्या घराण्यांना तिथल्या सरकारी कागदांत आणि रोजच्या बोलण्यातही एक वेगळे नाव आहे. त्यांना 'प्री-४२' म्हणतात.